पायऱ्या तेवढ्याच

मे महिन्यातली संध्याकाळ होती. गच्चीवर पाणी मारून सतरंज्या अंथरल्या होत्या, तरी स्लॅबची धग खालून अंगाला लागतच होती. आमच्या अपार्टमेंटच्या उन्हाळ्यातल्या बैठका अशाच गच्चीवर होतात, कारण खाली पार्किंगमध्ये वाऱ्याची झुळूकही नसते. पाण्याची मोटर झाली, जिन्यातले दिवे झाले आणि शेवटी कचऱ्याच्या पैशांचा विषय निघाला. रोज सकाळी दारोदारी फिरून, पिशव्या खाली उतरवून कचरागाडीत टाकणाऱ्या मावशींना घरटी साठऐवजी शंभर रुपये द्यायचे, असं ठरत होतं. हात वर होत होते. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "माझ्या घरी कचरा निघतोच किती? सात माणसांच्या घराएवढे पैसे मी का द्यायचे?" मागून कुणीतरी म्हणालं, "काकू, चाळीस रुपयांनी काय होऊन राहिलं?" दोघं-तिघं हसले आणि बैठक चहाकडे वळली.

काकूंनी पुढे काही विचारलं नाही. मला मात्र ते हसणं खटकत राहिलं, कारण प्रश्नाला उत्तर मिळालंच नव्हतं. चाळीस रुपये हा काकूंचा मुद्दाच नव्हता. गणपतीच्या वर्गणीत त्यांचं नाव वरच्या चार-पाचांत असतं आणि दिवाळीत मावशींना साडी त्याच आधी देतात. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेल्या बाईला हिशेबातली एक पायरी गाळलेली दिसली होती, आणि ती कुणी दाखवून देत नव्हतं.

काकूंच्या घरचा कचरा मला चांगला ठाऊक आहे. त्या भावाकडे अमरावतीला गेल्या की किल्ली माझ्याकडे असते, आणि एरवीही संध्याकाळचा चहा बरेचदा त्यांच्याच ओट्याशी होतो. सिंकखाली स्टीलचा झाकणाचा एक जुना डबा आहे, बहुधा कधीकाळचा शेवयांचा. दिवसभरात त्यात मेथीच्या काड्या, केळ्याचं एखादं साल, वांग्याचे देठ आणि वरणाच्या फोडणीतून बाजूला काढलेली लाल मिरची जाते. चहाचा चोथा गाळणीतच दोनदा धुऊन गॅलरीतल्या गुलाबाला घातला जातो. दुधाच्या पिशव्या कोपऱ्याला अगदी बारीक चीर देऊन कापतात, म्हणजे तो तुकडा सुटा होऊन हरवत नाही. मग त्या धुऊन, उलट्या करून, चिमट्याने तारेवर टांगतात. सुक्या कचऱ्यात गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांखेरीज फारसं काही नसतं. दिवसाचा सगळा ऐवज दोन मुठींत मावेल. उन्हाळ्यात तर ओलं तिथेच सुकून आणखी निम्मं होतं.

ही बाई काही पर्यावरणाची कार्यकर्ती वगैरे नाही. ती एकटी आहे, कमी खाते, कमी आणते, आणि तिच्यावर जुन्या घराचे संस्कार आहेत. नागपूरच्या महाल भागातलं माझ्या आजीचं घर मला यानिमित्ताने आठवत राहिलं. त्या घरातून कचरा असा बाहेर पडायचाच नाही. भाजीची डेखं दारात येणाऱ्या गाईला जायची. चुलीतली राख भांडी घासायला. रद्दी महिनाभर पलंगाखाली थप्पी लावून ठेवायची आणि रद्दीवाल्याच्या तराजूकडे आजी डोळ्यांत तेल घालून पाहायची. जुन्या साड्यांवर भांडेवाली स्टीलचं पातेलं देऊन जायची, त्यासाठी अख्खी दुपार घासाघीस चालायची. खराट्याने अंगण झाडलं की गोळा होणारी कडुनिंबाची पानं आणि माती एवढंच काय ते कोपऱ्यावरच्या सिमेंटच्या कुंडीत जायचं. त्या कुंडीचं मला फार आकर्षण नव्हतं, हेही खरं. तिच्याभोवती कायम डुकरं असायची आणि पावसाळ्यात त्या गल्लीतून नाक दाबून पळावं लागायचं. आजीच्या घराने कितीही कमी टाकलं तरी कुंडी साऱ्या मोहल्ल्याची होती, आणि वास आजीच्याही घरात यायचा.

ही गोष्ट मला पुढे फार उपयोगी पडली.

मावशींशी मी बोलले ते जिन्यातच, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर. आमच्या इमारतीत लिफ्ट नाही. मावशी आधी सगळ्यात वर जातात आणि उतरत उतरत पिशव्या गोळा करतात. खालच्या मजल्यापर्यंत येताना एका हातात ओल्याची बादली आणि दुसऱ्या हातात सुक्याचं पोतं असतं, आणि खाली गाडीचं गाणं वाजत असतं. गाडी फार थांबत नाही. मी त्यांना काकूंच्या प्रश्नाबद्दल विचारलं. त्यांनी बादली पायरीवर टेकवली आणि म्हणाल्या, "काकूच्या घरची थैली तं मी एका बोटावर लटकवून नेतो ताई. ना गळत, ना वास येत. पण पायऱ्या तं तेवढ्याच हायेत ना जी. थैली हलकी असन म्हणून जिना काही लहान होत नाही."

मग त्यांनी दुसरीही गोष्ट सांगितली, आणि ती सांगताना आवाज खाली आणला. काही घरांच्या पिशवीत वरणभात, फुटलेली काच आणि डायपर एकाच गाठीत येतात. गाडीवाला मिसळलेलं घ्यायला कुरकुर करतो, म्हणून त्या गेटजवळ उकिडव्या बसून ते हाताने वेगळं करतात. सकाळचा सर्वांत जास्त वेळ या तीन-चार पिशव्यांना लागतो. हे काम शंभर रुपयांत कुठेच मोजलेलं नाही.

म्हणजे हिशेबात दोन गोष्टी आहेत. एक फेरी, म्हणजे दारापर्यंत येणं. ती सगळ्यांना सारखी. दुसरी म्हणजे पिशवीत काय आहे आणि ते किती त्रासाचं आहे. काकू दुसऱ्या गोष्टीबद्दल बोलत होत्या, मावशी पहिलीबद्दल, आणि दोघींचंही बरोबर होतं.

शहराच्या पातळीवरही हाच तिढा आहे. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी प्रत्येक घरावर दोन जबाबदाऱ्या टाकल्या होत्या: ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगवेगळा द्यायचा, आणि स्थानिक संस्था आपल्या उपविधींत ठरवेल ते शुल्क भरायचं. शुल्क घराला लागतं. त्या घरात एकटी विधवा आहे की तीन पिढ्या नांदताहेत, हे त्या आकड्याला कळत नाही. मी आधी यावर चिडले होते. नीरीसारखी पर्यावरणावर संशोधन करणारी संस्था १९५८ पासून याच शहरात, नागपुरात, आहे. भारतीय शहरांच्या कचऱ्यात साधारण चाळीस ते साठ टक्के भाग कुजणारा असतो, हे तिने देशभरच्या शहरांचा कचरा तपासून सांगितलेलं आहे. मग जे घर तो अर्धा भाग घरातच जिरवतं, त्याला काहीतरी सवलत असायला हवी, हे कळायला फार मोठं शास्त्र लागत नाही.

जगात असे प्रयोग झालेत. अमेरिकेतल्या सिएटलमध्ये १९८१ पासून कचऱ्याचा दर डब्याच्या आकारावर आहे. लहान डबा घ्या, कमी पैसे भरा. एकट्यादुकट्याच्या घरासाठी तिथे अगदी छोटे डबेही मिळतात. दक्षिण कोरियाने १९९५ मध्ये देशभर ठरावीक पिशव्यांची पद्धत आणली. कचरा त्याच पिशवीतून द्यायचा आणि पिशवीच्या किमतीतच उचलण्याचा खर्च धरलेला. तिथल्या कित्येक वसाहतींत उरलेलं अन्न यंत्रात टाकलं की वजन होऊन घराच्या नावावर बिल लागतं. तैपेईतही २००० पासून पिशवीमागे पैसे आहेत आणि वेगळं काढलेलं भंगार फुकट घेतात. काकूंना हे सांगितलं तेव्हा त्यांचे डोळे चमकले. "म्हणजे मी म्हणत होते ते अगदीच वेडगळ नव्हतं," त्या म्हणाल्या.

वेडगळ नव्हतंच. पण मग मला आमच्या गल्लीच्या टोकाचा रिकामा प्लॉट दिसायला लागला. नागपुरात ज्या वस्तीत असा प्लॉट नाही ती वस्ती मला दाखवा. मालक पुण्यात किंवा परदेशात, कुंपण अर्धवट, आत बाभळी आणि त्यांच्या पायाशी रात्रीच्या अंधारात भिरकावलेल्या पिशव्या. आज पिशवीमागे वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत, तरी ही स्थिती. उद्या पिशवीमागे दहा रुपये लागले तर त्या प्लॉटचं आणि नाग नदीचं काय होईल? सगळ्यांना सारखं शुल्क लावून शहर एक गोष्ट विकत घेत असतं: पिशवी गाडीतच टाकण्यात कुणाचाही तोटा नाही. महालातल्या कुंडीचा वास आजीच्याही घरात यायचा, ते इथे आठवतं. आपण कितीही कमी टाकलं तरी शेजारचा कुठे टाकतो यावर आपलं जगणं अवलंबून असतं.

आणि टाकलेलं जातं कुठे, हे नागपूरकरांना वेगळं सांगायला नको. हजार टनांहून जास्त कचरा रोज पूर्वेला भांडेवाडीच्या कचराडेपोकडे निघतो. उन्हाळ्यात तिथे आगी लागतात तेव्हा आसपासच्या वस्त्यांमधली माणसं दारं-खिडक्या लावून, कूलर बंद करून बसतात. मे महिन्यात कूलर बंद करून बसणं म्हणजे काय, ते ज्याचं त्यालाच कळतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, आपण काळ्या आणि पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांमागे ओरडत जातो, इडा-पिडा घेऊन जा गे मारबत. मी लहानपणापासून ती मिरवणूक पाहत आले आहे आणि आजही ढोलाचा आवाज आला की गॅलरीत धावते. पण मारबत वर्षातून एकदाच निघते. भांडेवाडीला आपण रोज काहीतरी घेऊन जायला सांगतो, आणि तिथेही माणसंच राहतात. काकूंच्या घरून तिथे जवळजवळ काहीच जात नाही. याची नोंद कुठेतरी व्हायला हवी, हे मला अजूनही तितक्याच तीव्रतेने वाटतं.

पुण्याकडे पाहिलं की थोडा धीर येतो. तिथे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ पासून आहे, आणि तिच्यातूनच 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. घरं दरमहा थेट वेचकाच्या हातात पैसे देतात, सुक्यातलं भंगार विकून येणारे पैसेही त्याचेच. पुणे महापालिका गांडूळखत, सौरऊर्जा, पावसाचं पाणी साठवणं अशा गोष्टी करणाऱ्या घरांना मालमत्ताकरात सूटही देते. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की वाट दिसते. कमी कचऱ्याच्या घराला सवलत जरूर द्यावी, पण ती उचलणाऱ्या माणसाच्या हातातून काढून घेतलेली नसावी.

आमच्यासारख्या छोट्या इमारतीत हे कसं करायचं, यावर मी आणि काकूंनी पुष्कळ डोकं चालवलं. दोघी-तिघींनी मिळून एकच डबा ठेवायचा आणि एकाच घराचे पैसे द्यायचे, हा पहिला विचार. शेजार चांगला असेल तर हा सर्वांत स्वस्त उपाय आहे, पण डबा कुणाच्या दारात ठेवायचा यावरून तो शेजार बिघडू शकतो. स्वतः खाली जाऊन गाडीत टाकायचं, हा दुसरा. यात एक रुपयाही जास्तीचा लागत नाही, ज्याचे गुडघे शाबूत आहेत त्याने हेच करावं. काकूंना ते जमण्यासारखं नाही. शेवटी उरलं ते फेऱ्याच कमी करणं. ओलं घरात जिरवायचं आणि सुकं आठवड्यातून दोनदाच द्यायचं.

त्यासाठी गॅलरीत एकावर एक तीन मडकी आली. बुडाशी नारळाच्या शेंड्या, मग रोजचं ओलं, त्यावर तितकाच कोरडा पाला आणि अधूनमधून आंबट ताकाचा शिपका. कोरड्या पाल्याची आम्हाला चिंता होती, ती अगदी नागपुरी मार्गाने मिटली. उन्हाळा संपताना घरोघरी कूलरमधलं जुनं गवत काढून फेकतात. आपल्या पाण्यातल्या क्षारांनी ते पांढरं, कडक झालेलं असतं. ते दोनदा धुऊन, उन्हात वाळवून, हाताने कुस्करलं की मडक्यात उत्तम चालतं, ओलावा धरून ठेवतं आणि वास येऊ देत नाही. अगदी बारीक कुस्करावं, म्हणजे लांब धागे राहत नाहीत आणि खत हलवताना गुंता होत नाही. संत्र्यांच्या मोसमात मात्र जपायचं. साली मडक्यात भरल्या तर त्यांच्यातल्या तेलामुळे कुजण्याचं काम मंदावतं. त्या वेगळ्या वाळवून उटण्याला ठेवाव्यात. मेमध्ये मडकं इतकं सुकतं की पाणी शिंपडावं लागतं, आणि जुलैत अळ्या दिसल्या की नवा माणूस घाबरून सगळं फेकून देतो. फेकू नये. कोरडं वाढवावं आणि कडुनिंबाचा पाला घालावा. दीड-दोन महिन्यांत तळाचं मडकं काळं, भुसभुशीत होतं, त्याला पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो. दुधाच्या पिशव्या आणि रद्दीसाठी कबाडीवाला एका घराच्या किलो-दीड किलोसाठी तीन मजले चढत नाही, म्हणून पार्किंगमध्ये सगळ्यांचं मिळून एक पोतं ठेवलं. त्याचे पैसे मावशींचे.

पैशांचं गणित उरलंच होतं. मिसळून देणाऱ्या घरांकडून जास्त घ्यावेत, असं मला फार वाटत होतं. काकूंनीच मला थांबवलं. त्या म्हणाल्या, "कोण मिसळतं हे सांगायचं कुणी? मावशींनी? तिला उद्या त्याच दारात उभं राहायचं आहे." आणि मग, थोडा वेळ गप्प राहून, "हे गेले त्या वर्षी माझ्याकडून रोज डायपर निघायचे, कापूस, सलाइनच्या बाटल्या. त्या वर्षी या इमारतीत सगळ्यांत जास्त आणि सगळ्यांत वाईट कचरा माझा होता. तेव्हा मला कुणी जास्त पैसे मागितले नाहीत." मी काही बोलू शकले नाही. सारखी वर्गणी म्हणजे एक प्रकारची भिशीच आहे, ज्याला ज्या वर्षी गरज त्याने त्या वर्षी उचलावी, हे मला तोवर सुचलं नव्हतं. पहिल्या मजल्यावर आता तान्हं बाळ आहे. वजनावर पैसे लावले असते तर पहिला भुर्दंड त्या दोघांना बसला असता.

तरीही काकूंनी पूर्ण पैसे द्यावेत, असं मला वाटेना. त्यांनी वेळ घातला आहे, मडकी घेतली आहेत, मावशींच्या आठवड्यातल्या बहुतेक फेऱ्या वाचवल्या आहेत. आमच्याकडे मेंटेनन्स फ्लॅटच्या चौरस फुटांवर घेतात, ही गोष्ट इथे कामी आली. मावशींचे घरटी शंभर कायम ठेवले. जे घर ओलं घरातच जिरवेल आणि सुकं आठवड्यातून दोनदाच देईल त्याने साठ द्यायचे, आणि वरचे चाळीस सोसायटीच्या मेंटेनन्समधून भरायचे. म्हणजे मोठ्या फ्लॅटवाल्यांवर त्या सवलतीचा थोडा जास्त भार पडतो, वजनकाटा लागत नाही, आणि बाळाच्या किंवा आजाऱ्याच्या घराला कुणी काही विचारत नाही. कुठल्याच मजल्यावरून फार कुरकुर झाली नाही. आणखी दोन घरांनी मडकी मागवली आहेत. महापालिकेच्या झोन कार्यालयात द्यायचा मालमत्ताकरातल्या सवलतीचा अर्ज काकूंनी त्यांच्या वळणदार अक्षरात लिहून ठेवला आहे, त्यावर आता सह्या गोळा होत आहेत. सोसायटीच्या ठरावात मी एक ओळ आग्रहाने घालून घेतली: सवलत घेणारी घरं कितीही वाढली तरी महिन्याच्या पाच तारखेला मावशींच्या हातात पूर्ण रक्कम पडली पाहिजे, आणि ज्या महिन्यात ती कमी पडेल त्या महिन्यापासून सवलत बंद.